जावईबापूंच्या घराचं व्याज आणि माझा जळफळाट

नाएनाए, लोअर हट, न्यूझीलंड
रविवार

प्रिय मधुकर,

तुला माझा नमस्कार, वसुंधरावहिनींना त्याहून वाकून नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. (उजवा की डावा ते विसरलो. जो दुखतो तो.) आम्ही दोघं ठणठणीत आहोत. वारा अखंड असतो, इतका की दोरीवर वाळत घातलेला माझा पायजमा दोनदा शेजारच्या सामोअन कुटुंबाने घडी घालून परत आणून दिला. स्नेहलताची तब्येत माझ्याहून बरी, कारण तिला इथे जावई मिळाला आहे आणि मला त्या जावयाचा सासरा म्हणून राहायचं आहे. तुला वाटेल, फोन असताना हा माणूस कागद का काळा करतोय. अरे, माझा फोन घरात कोणीही उचलतं, आणि मला जे लिहायचंय ते जावयाबद्दलच आहे.

मी हेव्याने जळतो आहे, मधू. हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

आम्ही इथे आलो ते सलोनीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. अक्षत झाला, बारसं झालं, आणि हळूहळू माझी या घरात एक जागा तयार झाली. घरातला एकमेव रिकामा माणूस मी. सकाळी नातीला, इराला, शाळेत सोडायचं, येताना डेअरीत डोकवायचं (इथे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात, तिथे दूध सोडून सगळं आधी दिसतं), मग खिडकीतल्या उन्हात सोफ्यावर आडवं व्हायचं आणि दुपारी पुन्हा शाळेच्या फाटकाशी. तिथे इतर आज्या-आजोबा मला ‘किया ओरा, राजा’ म्हणायचे (किया ओरा म्हणजे इथल्या मूळच्या माओरी लोकांचा नमस्कार). आयुष्यात पहिल्यांदा मला राजाराम न म्हणता कोणी नुसतं राजा म्हणत होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

आणि मग अभिषेकरावांची नोकरी गेली. वेलिंग्टनला ते ज्या सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करत, त्या खात्याने माणसं कमी केली. एका संध्याकाळी ते खोक्यात एक कुंडी आणि एक मग घेऊन ट्रेनने घरी आले. सलोनी बाळंतपणामुळे घरीच, म्हणजे घरात येणारा पगार शून्य. मी सासऱ्याने जे म्हणायचं असतं ते म्हणालो, की काळजी करू नका, होईल सगळं नीट. मनापासून म्हणालो. पण सोमवारी सकाळी इराला सोडून परत आलो, तर सोफ्यावर, माझ्या उन्हात, माझ्या उशीला टेकून जावईबापू लॅपटॉप घेऊन बसलेले.

तिथून माझी घसरगुंडी सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात इराला शाळेत तेच न्यायला लागले. त्यांना रस्त्यात डायनॉसॉरच्या गोष्टी सांगता येतात. मला डायनॉसॉर येत नाहीत. अक्षत माझ्या खांद्यावर रडतो आणि त्यांच्या खांद्यावर झोपतो. त्यांची साबुदाण्याची खिचडी मोकळी होते. (माझी कशी होते ते तुला आपल्या महाबळेश्वरच्या सहलीपासून ठाऊक आहे.) संसाराच्या इतक्या वर्षांत स्नेहलता मला कधी ‘बसा हो, मी करते’ म्हणाली नव्हती. त्यांना ती दिवसातून दोनदा म्हणते. बेकार झालेल्या माणसाने थोडं तरी कोमेजून राहावं, अशी माझी अपेक्षा होती. आपण कसे राहिलो होतो, आठव.

पण खरी कळ पुढेच आहे. एकदा जेवणानंतर नवरा-बायको घराच्या कर्जाचं बोलत होते आणि मी ओट्याशी भांडी पुसत होतो. मला वाटलं, आता मला विचारतील. काटकसरीवर चार शब्द मी जुळवूनही ठेवले होते. पण अभिषेकराव सलोनीला सांगत होते की सरकार बेकारभत्ता देईल, आणि त्याशिवाय घराच्या खर्चासाठी एक पुरवणी मदत असते. ती नुसती भाडेकरूंनाच नाही, घराचं कर्ज फेडणाऱ्यांनाही मिळू शकते. बँक म्हणते, ती मदत मंजूर झाल्याचं दाखवा, मग मुद्दल तूर्त राहू द्या, काही महिने फक्त व्याज भरा. म्हणजे व्याजाचा बराचसा भार सरकार उचलणार. माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं.

मधू, आपल्या कारखान्याला टाळं लागलं होतं तेव्हा आपल्या व्याजाची चौकशी कोणी केली होती? स्नेहलताने गॅलरीत शिकवण्या घेतल्या, तिच्या पाटल्या गेल्या, म्हणून माझं घर राहिलं. तुझा चिंचवडचा ब्लॉक गेला. स्वयंपाकघरातल्या फरश्या तू आणि वहिनींनी दुकानं पालथी घालून निवडल्या होत्या. तू किल्ली विकत घेणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवलीस आणि आम्हाला म्हणालास, चला, चहा घेऊ. पैसेही तूच दिलेस. आणि इथे हे गृहस्थ मोकळी खिचडी करतात आणि त्यांचं व्याज सरकार भरणार. मला जावयाचं वाईट व्हावं असं वाटलं नाही रे. पण चांगलंही बघवेना.

तर त्या मदतीसाठी सरकारी ऑफिसातल्या मुलाखतीचा दिवस आला. सोबतीला घरचं माणूस नेलं तर चालतं. सलोनीला बाळ, म्हणून स्नेहलताने परस्पर मला जाहीर करून टाकलं. मी सलोनीच्या लग्नातला कोट घातला. तिथे अरोहा नावाच्या बाई होत्या, माओरी, तुझ्या लेकीच्या, सिद्धीच्या वयाच्या. त्यांनी माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून नीट करून घेतलं, पाणी आणून दिलं. मग त्या अभिषेकरावांना एकेक प्रश्न विचारू लागल्या. शिल्लक किती, बायकोला काही मिळतं का, घराचा खर्च काय. आणि मी पाहिलं, की जेवताना जगातल्या प्रत्येक विषयावर बोलणारा हा माणूस आपल्या नखांकडे बघत इतक्या हळू उत्तरं देत होता की बाईंना पुढे झुकावं लागत होतं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही कर भरलाय, यात लाजण्यासारखं काही नाही. अभिषेकरावांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. शेवटी बाईंनी केवळ शिष्टाचार म्हणून मला विचारलं, की न्यूझीलंड आवडलं का. एवढंच. ‘हो’ म्हणून गप्प बसायचं होतं. पण परक्या बाईसमोर आपला जावई गरीब दिसतोय हे मला सहन होईना. (तोवर मी त्यांच्यावर जळत होतो, हे खरं. पण जळायचं ते घरात. बाहेर जावई तो जावई.) मी इंग्रजीत सुरू झालो. हे साधे गृहस्थ नाहीत, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात होते, आणि पुण्यात कोथरूडला त्यांचा लिफ्टवाला, झाकलेल्या पार्किंगचा फ्लॅट आहे.

तो फ्लॅट कोणाचा ते तुला माहीत आहे. माझा आणि स्नेहलताचा. आमच्या मागे सलोनीचा, म्हणजे लांबून बघितलं तर त्यांचा. बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, फ्लॅट नक्की कोणाच्या नावावर आहे? आता माघार घेतली तर मी खोटा ठरतो, म्हणून मी म्हणालो, त्यांचाच, ते मला मुलासारखे आहेत. बाईंनी अभिषेकरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, नाही, माझा नाही. मग बाईंनी समजावलं, की दुसरी मालमत्ता असेल तर ती धरावी लागते, तेव्हा कागद येईपर्यंत घराच्या मदतीचा निर्णय देता येणार नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये अभिषेकराव बाईंनी दिलेली कागदांची यादी वाचत बसले. स्टेशनवर उतरल्यावर मला थंडी वाजतेय म्हणून त्यांनी गरम पाय घेऊन दिला. (पाय म्हणजे इथली सारण भरून भाजलेली मोठी कचोरीच म्हण. माझा मांस नसलेला, भाजीचा.) ओरडले असते तर मी काहीतरी उलट बोललो असतो. पाय खाताना काय बोलणार? घरी सलोनीने सगळं ऐकलं आणि बाळाला थोपटता थोपटता म्हणाली, “बाबा, हे लांबलं तर बँक थांबणार नाही. घर विकावं लागेल.” आवाजही चढवला नाही. स्नेहलताने त्या दिवसापासून मला बशीशिवाय चहा द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो (आता हेच काम माझ्या वाट्याला उरलं होतं), तर अभिषेकराव चिमट्यांची टोपली घेऊन आले. बराच वेळ एकेक चिमटा देत राहिले. मग म्हणाले, “बाबा, तुम्ही मला मोठं दाखवायला बोललात, ते कळलं मला. पण आत्ता मला मोठं दिसायचं नाहीये. मला घर राखायचंय.”

मी पायजम्याला चार चिमटे लावले. दुसरं काय करणार?

तुला आठवत असेल, मी घाईघाईने फोन करून माझ्या कपाटातले खरेदीखताचे कागद सिद्धीकडून फोटो काढून मागवले होते आणि सांगितलं होतं की व्हिसासाठी हवेत. ते ह्यासाठी. ते घेऊन आम्ही दोघं पुन्हा गेलो. कोट घातला नाही. मी अरोहाबाईंना सांगितलं, की फ्लॅट माझा आहे, मी अजून जिवंत आहे, आणि त्या दिवशी मी बढाई मारत होतो. अभिषेकराव मला थांबवायला लागले, पण मी पूर्ण सांगितलं. बाई हसल्या, पण मला हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझे वडील चर्चमध्ये सगळ्यांना सांगतात की हे अख्खं मंत्रालय मीच चालवते. मग त्या कामाला लागल्या.

मदत मंजूर झाली. सगळं व्याज त्यात बसत नव्हतं, काही भागच. पण त्या भागामुळे बँक थांबली. दुसरी गाडी विकली, इराचं पोहणं बंद झालं (तिने आठवडाभर पोहण्याचे कपडे घालून घरात निषेध केला), सलोनीने बाळाला स्नेहलताकडे ठेवून शनिवारी एका औषधाच्या दुकानात काम धरलं आणि ती कमाई इमानाने कळवली. घर राहिलं, मधू. त्या दुसऱ्या भेटीनंतर स्टेशनपर्यंत चालताना मी अभिषेकरावांना तुझ्या चिंचवडच्या ब्लॉकची हकीकत सांगितली. त्यांनी ती पुरती ऐकली आणि विचारलं, फरश्या कुठल्या रंगाच्या होत्या. मला आठवेना. तू कळव.

मला हेवा वाटतो तो वाटतोच. आज वयाच्या या टप्प्यावर कळतंय की त्या वेळी एखाद्या ऑफिसात कोणी आपल्याला पाण्याचा पेला देऊन नुसतं विचारलं असतं, घराचं कसं करताय, तरी आपण दोघं रडलो असतो.

आता अभिषेकरावांना वेलिंग्टनलाच एका खाजगी कंपनीत काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी, पण लागलं. मदत बंद झाली, ती व्हायलाच हवी. सोफा माझा झाला, ऊन माझं झालं, इराला शाळेत मीच नेतो. काल रस्त्यात ती मला म्हणाली, “आजोबा, यू वॉक टू स्लो, अँड यू डोन्ट नो एनी डायनॉसॉर्स.” माणूस नोकरीवर गेला तरी आपले डायनॉसॉर मागे ठेवून गेलाय बघ.

वहिनींना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा,
राजाराम

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. पुढच्या महिन्यात मी एकटाच पुण्याला येतोय. स्नेहलता म्हणते, मी अजून तीन महिने राहणार, अभिषेकला डबा कोण देईल. मला डबा कोण देईल हा प्रश्न तिला पडलेला नाही. तर तोवर रात्रीचं जेवण तुमच्याकडे जमेल का, हे वहिनींचा मूड बघून विचार. दुपारचं मी बघेन. साबुदाणा सोडून काहीही चालेल.

ता. क. दुसरा. आपल्या बाकावरच्या मंडळींना नोकरी गेल्याचं सांगू नकोस. विचारलंच तर जावई मधले काही महिने बाळासाठी रजेवर होते असं सांग. आणि नवा पगार आधीपेक्षा जास्त आहे.

ता. क. तिसरा. भावजी, मी स्नेहलता. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. जेवणाचं वहिनींना विचारू नका. अभिषेक कामाला लागल्यापासून हे रोज संध्याकाळी त्याला आणायला स्टेशनवर जातात. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याला रस्ता माहीत आहे. गुरुवारी ट्रेन रद्द झाली, तो बसने दुसऱ्या बाजूने घरी आला, आणि हे भर वाऱ्यात तिथेच उभे. तो बूटही न काढता त्यांना आणायला परत गेला. त्यांचं परतीचं तिकीट त्याने कालच माझ्या तिकिटाच्या तारखेपर्यंत पुढे ढकललंय. म्हणाला, बाबा गेले तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्याशी भांडणार कोण. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, वहिनींकडून काय उत्तर येतं याची वाट बघण्यात त्यांचे दिवस छान जातील.