चाक कोणत्या हाताला

३ नोव्हें. १९३५, रवि.
मोटारीचा सांगाडा जुळवला. फुटाला इंच असं माप. सुरगाण्याकडचा साग, चांगला निघाला. कातार्‍याने चार चाकं करून दिली. तीन गोल, चौथ्याला गोल म्हणायचं एवढंच. आबांच्या हातात दिली तर अंगठ्याने फिरवून लगेच, "हे एक लंगडतंय." डोळे गेले, ड्रायव्हर काही गेला नाही.
मालकांची मोटार त्यांनी सोळा वर्षं चालवली. खरी केव्हाच भंगारात गेली. आता एकच हट्ट, एकदा हाताला लागू दे. मी ती धुरळ्यातूनच पाहिलेली; मालकांच्या आवारात आम्हां पोरांना मज्जाव होता. पोरांना सुरया-वाडगे काढायला शिकवणारा ड्रॉइंग मास्तर मी, आणि हा उद्योग!

५ नोव्हें., मंगळ.
मालकांच्या मुनिमांकडे मोटारीची काचेची निगेटिव्ह सापडली. दसर्‍याच्या पूजेनंतरची. शेजारी आबा आणि आई. आई जाऊन सहा वर्षं झाली. नंबराच्या पाटीवर झेंडूचा हार, नंबर झाकला गेला. फोटोच्या कागदावर काच ठेवून गच्चीत उन्हात स्वतःच छापली. जरा पुसट आली, पण मडगार्डची वळणं मोजता येतात. इतका आनंद झाला की शाळेत उशीर.

१० नोव्हें., रवि.
मडगार्ड झाले (घासलेटच्या डब्याचा पत्रा). दिव्यांसाठी हिचे शिवणाचे दोन अंगुस्ताने लंपास केले, ती बोलत नाही.
आणि आबांशी भांडण. स्टेअरिंग बसवलं, फोटोत आहे तसं, डावीकडे. आबांचा हात फिरता फिरता थांबला. "चाक उजव्या हाताला व्हतं."
फोटोचं सांगितलं.
"सोळा वर्सं मी बसलो का तुझा फोटू बसला?"
भोंगाही म्हणे उजवीकडे. फोटोत डावीकडे. मोटार अमेरिकेची, आणि तिकडच्या मोटारींचं चाक डावीकडे असतं हे मी वाचलेलं, तेही ऐकवलं. ऐकेनात. शेवटी डोकं फिरलं. "आबा, तुम्हाला आता आठवत नाही, कबूल का करत नाही?"
त्यांनी मोटार माझ्याकडे सरकवली. बरोबर तर मी होतो. मग जेवण का गेलं नाही?

१४, गुरु.
आबा वाद घालत नाहीत. "तू म्हणशील तसं." बरं वाटायला हवं. वाटत नाही.
सकाळी अर्धा कप चहा पिऊन मला विचारलं, "साखर हाय का रे यात?"
थट्टा असेल. चेहर्‍यावरून तसं काही दिसलं नाही.

१७, रवि.
काळा रंग, दुसरा हात. फोटोला चौकट केली. ही पुसत होती, म्हणाली, "अहो, सासूबाई नथ उजव्या बाजूला घालायच्या?"
उजवीकडे कोण घालतं? जाऊन बघितलं. नथ उजवीकडे. निगेटिव्हची काच काढून बघितली. छापताना उलटी ठेवली होती, डाव्याचं उजवं झालं. मी. म्हणूनच पुसट. बारा दिवस त्या फोटोवर पट्टी लावून बसलोय, मडगार्ड मोजतोय, आईच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं नाही. हिच्यासमोर हसलो. मग लाज वाटली, फार.

१८, सोम.
आबांना सगळं सांगितलं. काच, नथ, माझा गाढवपणा. "तुमचंच बरोबर होतं."
शांतपणे ऐकलं. "म्हातार्‍याची समजूत काढतोस. असू दे."
शपथ घेतली.
"सपथ कशापायी? मी कुठं नाय म्हनतो?"
नाही म्हटले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

२१, गुरु.
हिला म्हणालो, तू सांग. तिने नथीचं सांगितलं. तिला म्हणाले, "तुमी दोघं लय चांगली हायात."

२४, रवि.
स्टेअरिंग, भोंगा काढून उजवीकडे बसवले. डावीकडची भोकं लांबी (खडू-तेलाचा लगदा) भरून बुजवली, वर रंग. मोटार झाली. चांगली झाली आहे, हे माझं मीच लिहितो.
आबांच्या मांडीवर ठेवली. चाक कुठे ते सांगितलं नाही. त्यांची बोटं न चाचपडता उजवीकडच्या चाकावर गेली. तिथून भोंग्यावर. चेहरा असा काही उजळला!
मग हात मागे घेतला. डावीकडे चाचपडू लागले. लांबीचा उंचवटा सापडला. "हितं व्हतं ना? तूच म्हनाला."
"ते चुकलं होतं, आबा. आता बरोबर आहे."
"आन उद्या कुठं असंल?"
मोटार खाली ठेवली नाही त्यांनी, मांडीवरच होती. मग म्हणाले, "तुझ्या आईचं म्हायेर वणीचंच ना रे?"
हो म्हणालो.
"आठवून नको, बघून सांग."
उठलो खरा. पण कुठे बघायचं?