बुटासकट मापं

५ मार्च १९७९
साहेब नागपुरात आला! हॉजसन. विलायतेतल्या रणगाड्यांच्या कारखान्यातला जुना डिझाइनर, वय त्रेपन्न. दाराशीच अडला. आमचे हेड ड्राफ्ट्समन मुकुंदराव यांनी पाटीकडे बोट केलं – जोडे बाहेर. ड्रॉइंग ऑफिसच्या फरशीवर पूर्ण मापाचे नकाशे पसरलेले असतात, धूळ चालत नाही. शिवाय कागदाला जोडा लागलेला मुकुंदरावांना सोसत नाही. साहेबानं निमूट बूट काढले. मोज्याला भोक होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

तो तीन आठवडे राहणार. कशासाठी? माझा नकाशा तपासायला! नव्या रणगाड्यातलं ड्रायव्हरचं आसन. रणगाडा बुटका हवा, म्हणून ड्रायव्हर जवळजवळ निजूनच चालवणार. सध्याची आसनं विलायती मापाची, आपले ड्रायव्हर पाठीशी कांबळं दुमडून बसतात. म्हणून मी बावीस ड्रायव्हर ऑफिसात बोलावून एकेकाची मापं घेतली. बारा वर्षं इंग्रजांचेच नकाशे गिरवले. हा पहिला माझा स्वतःचा. साहेबाची सही झाली की मद्रासच्या रणगाडा कारखान्याला जाईल.

९ मार्च
साहेब चहाला बोलतो छान. म्हणे पुढच्या रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजात माणूसच नसेल, गोळा यंत्रच भरेल. मी म्हटलं, खाली तरी कुणी बसेल ना? हसला.

मग आपणहून सांगितलं – इराणची मोठी मागणी गेल्या महिन्यात रद्द झाली. त्यांच्या कारखान्यातली अर्धी यंत्रं झाकून ठेवलीत. वाईट वाटल्याचं मी बोललो. खरं लिहितो – आतून थोडं बरंच वाटलं.

१७ मार्च
जेवताना बाबा म्हणाले, "तुयं नाव कुठी राहते गा त्या कागदावर?"

नकाशा घरी आणता येत नाही. पोरीच्या पाटीवर चौकोन काढून दाखवला – उजवा कोपरा, खाली. 'काढणार' – रविंद्र. 'तपासणार' – हॉजसन. बाबांनी मिलमध्ये तीस वर्षं काढली. हजेरीच्या वहीशिवाय त्यांचं नाव कुठे लागलं नाही. पाटी पुसू दिली नाही त्यांनी. आमच्या इंदोऱ्यातल्या निम्म्या गल्लीला दाखवून आले!

१९ मार्च
मेलो.

आसनाचा लाकडी सांगाडा आज पहिल्यांदा अंगणात नेला. आमचा चाचणी ड्रायव्हर नत्थूजी आत शिरला, पेडलवर पाय ठेवला, थांबला. "साहेब, गुडघा अडून राहिला. परवा हापिसात नकाशावर निजून पायलं तवा तं नाई अडला."

गुडघा वरच्या पत्र्याला टेकलेला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट! ऑफिसात सगळे दाराशी बूट काढून आत आले. बावीसच्या बावीस पाय मी उघडे मोजले. टाचेजवळ तीस मिलिमीटर कमी – प्रत्येकाचे! आणि मला ते दिसलंही नाही, कारण मी स्वतः बारा वर्षं तिथे अनवाणीच उभा आहे.

नत्थूजी कुहीकडचा, भला माणूस. म्हणाला, पाय जरा वाकडा धरला की बसते, सवय होईल, बोलू नका. शुक्रवारी सही आहे.

रात्री बायकोला, प्रेमिलाला सांगितलं. भात तसाच पडला होता पानात. म्हटलं, कोणालाच माहीत नाही. ती म्हणाली, "तुमाले तं मालूम हाय."

बाहेर बाबा तीच पाटी भिंतीवर टांगायला खिळा शोधत होते.

२० मार्च
सांगितलं. आधी मुकुंदरावांना. ते इतकंच म्हणाले, "दारावरची पाटी मी लावली होती." मग दोघं साहेबाकडे.

साहेबानं ऐकलं आणि मान खाली घालून स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं. पंधरा दिवस तोही तसाच उभा होता! म्हणाला, आमच्याकडे ही चूक कोणी केलीच नसती. मला झोंबलं. पण मग त्यानं स्वतः टेप घेतली, उकिडवा बसला आणि नत्थूजीच्या बुटाची टाच मोजायला लागला.

२१ मार्च
बावीस जण परत. अंगणात. बुटासकट.

२३ मार्च
सही झाली. पेडल पुढे, पत्रा वर, सगळं नव्यानं. तीन दिवस बोटं शाईनं काळी. साहेबानं शेवटी माझ्याच पेननं फरशीवरच्या नकाशातली एक रेघ दुरुस्त केली, ती माझ्याहून सरळ आली. कौतुक वाटलं. जाताना त्यानं हात मिळवला आणि माझ्या घरचा पत्ता लिहून घेतला.

घरी येऊन बाबांना म्हटलं, आता ठोका खिळा.

२ ऑगस्ट
मद्रासहून कळलं – आसन पास! चाचणीत चार ड्रायव्हर, एकाच्याही पाठीशी कांबळं नव्हतं. सदर बाजारातून पेढे आणले, ऑफिसात वाटले. आज सायकलवरून घरी येताना चक्क शीळ घातली. नकाशा विलायतेचा नाही, इथला. माझा! बाबा उगाच चष्मा पुसत बसले.

२७ सप्टेंबर
हॉजसनचं पत्र. ऑफिसला नाही, घरच्या पत्त्यावर. त्यांचं ड्रॉइंग ऑफिस बंद झालं. विचारतो – नागपूरला ड्राफ्ट्समनची जागा आहे का? नकाशे गिरवणाऱ्या साध्या ट्रेसरचीही चालेल. सोबत हातानं लिहिलेला अर्ज. तो मी तपासून पुढे पाठवावा, अशी विनंती.