उठायचा शॉट

गिरीज, वसई
११ जानेवारी २०२६

प्रिय दिपे,

कशी आहेस? लेहला तळं पुरतं गोठलं असेल आणि तुझं नाक लालभडक झालं असेल. इथे सगळे बरे आहेत. कॅम्पात तुमचे फोन काढून घेतलेत असं तुझी आई म्हणाली. ती पार्सल पाठवतेय, त्यात हे पत्र आणि आमच्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी ठेवतेय. गोलकीपरने एकटीने संपवायची नाहीत, सगळ्या टीमला दे.

तर, आपल्या टीमवरचा सिनेमा वसईत लागला. तुझं पात्र त्यांनी पंजाबी केलंय आणि ते सारखं पराठे खातं. उसने पॅड घालून आपण खेळायचो, परदेशातल्या पहिल्या मॅचला समोरच्या पोरी आपल्याला हसल्या होत्या, ते सगळं आहे. थिएटरात लोक रडले गं. भारताची आइस हॉकीची टीम आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं.

मला बरं वाटलं. खरंच.

आई-बाबा, माझी चुलत बहीण पिंकी, शेजारचा मेलरॉय, आम्ही सगळे एका रांगेत बसलो होतो. हिरॉइनला स्केटिंग येत नव्हतं, त्यामुळे हेल्मेट घालून पळते ती मीच, हे सगळ्यांना आधीच ठाऊक. ती वळली रे वळली की मेलरॉय ओरडायचा, "क्षितिजा!" पुढचे लोक मागे बघायचे. बाबा ताठ बसलेले.

मग फायनलचा सीन आला. तिला रिंकच्या कडेच्या फळ्यांवर ढकलतात, तो.

शूटिंगला गुडघा दुखावला एवढंच तुला सांगितलं होतं. घरी सांगितलं, सरावात घसरले. खरं तर तो ह्याच सीनला गेला. डायरेक्टरला हवं तसं पडणं मिळत नव्हतं. "अजून एकदा कर, मग जेवायला सोडतो," म्हणाला. वाईट माणूस नाही तो. मीही हो म्हटलं. पाय थकले होते, पातं बर्फातल्या खाचेत अडकलं. अंग वळलं, गुडघा वळलाच नाही.

त्यांनी तोच टेक ठेवलाय. स्लो मोशनमध्ये. किंकाळीही माझीच. आईलासुद्धा ओळखू आली नाही. पुढच्या शॉटला हिरॉइन हेल्मेट काढते, ओठावरचं रक्त पुसते आणि उठते. काय शिट्ट्या पडल्या! मेलरॉय खुर्चीवर उभा राहिला. आईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तू पण अशीच उठायचीस ना गो?"

मला उचलून नेलं होतं, दिपे.

बाहेर आग्नेल सर भेटले. केस सगळे पिकलेत, पण चर्चमागच्या सिमेंटच्या कोर्टवर अजून पोरांना चाकांच्या स्केट्सवर उभं करतात, आपल्याला केलं होतं तसंच. बाकीचे माझ्याबरोबर फोटो काढत होते, सर नुसते माझ्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ते पडणं खरं होतं ना?"

"हो, सर."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बरा होतोय."

"मी गुडघ्याचं विचारत नाही, क्षितिजा. बर्फाचं विचारतोय."

मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं. सर रुमालाने स्कूटरचा आरसा पुसत उभे राहिले.

ऑपरेशननंतरच्या शेवटच्या तपासणीला मी एकटी गेले होते. डॉक्टर म्हणाले, चालशील, जिने चढशील, बर्फावर मात्र नाही. लिगामेंट पुन्हा फाटलं तर चालण्याचीही खात्री नाही. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तेही तेच म्हणाले. घरी येऊन आईला सांगितलं, सुधारणा आहे. तुलाही तेच कळवलं.

आता कुठल्या तोंडाने सांगू? गावातल्या मंडळाने माझा बॅनर लावलाय, पुढच्या रविवारी सत्कार आहे. बाजारात कोणी भेटलं की बाबा न विचारताच सांगतात, "आमची बाय परत जानार लडाखला. शिनेमाचं काय, खरा खेळ पुढंच हाय." माझं दिल्लीपर्यंतचं तिकीटही त्यांनी काढलंय. मी रागावू तरी कोणावर? सिनेमा चांगला आहे. तो बघून उद्या आणखी पोरी बर्फावर येतील. यायलाच हव्यात.

कॅप्टनदीदीला तूच सांग. माझी जागा धरून ठेवू नका, दुसरीला घ्या. ती चिडली तर चिडू दे. फोन परत मिळाला तरी इतक्यात घरी करू नकोस. बाबाच उचलतात.

आत्ता ते ओट्यावर बसलेत. इथल्या खाऱ्या हवेने माझ्या स्केट्सची पाती गंजली होती, ती घासतायत. मघाशी हाक मारली, "बाय, बघ गो, येवढी धार पुरे का?"

मी इथूनच "पुरे" म्हटलं. तरी अजून घासतायत.

तुझी, आता नुसतीच मैत्रीण,
क्षितिजा