विहिणीच्या अक्षरात

प्रिय उंडग्या,

अक्षर बघून दचकलास ना? बोलतेय मी, लिहितेय तुझी बाईआजी. आमच्या गल्लीत लिहिणाऱ्यांचा दुष्काळ नाही. औषधवाल्याची सून तर मोत्यासारखं लिहिते. पण मीच निरोप धाडून विहीणबाईंना बोलावून घेतलं. तुला दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून निघाल्या, दोन तास बसचे धक्के खाल्ले, आणि आता माझ्या इस्त्रीच्या टेबलावर, जळक्या डागांच्या घोंगडीवर कागद पसरून बसल्यात. मी बजावलंय, सांगीन ते जसंच्या तसं उतरवायचं. शाळेतली बाई होऊन मला सुधारायचं नाही.

तर पहिलं म्हणजे, तू जाड झालायस असं ऐकते. माझ्याकडे वाढलास तेव्हा तुझ्या फासळ्या लांबून मोजता यायच्या, आणि तिथे चार महिन्यांत गाल वर आले. काय घालतात एवढं भाजीत? हे लिहू का, असं विचारतायत. लिहा म्हटलं. त्यांच्या नळाचा वायसर बदललास, शिडीवर चढून पंखे पुसलेस, तेही कानावर आलं. माझा पंखा तीन वर्षं कुरकुरतोय. तो मेला तुझी वाट बघतोय, मी नाही.

शिक्षेनंतरचा कोर्टातला दिवस मी विसरत नाही. लिफ्ट कोसळली, एक माणूस गेला, आणि दुरुस्तीवाला म्हणून दोन वर्षं तुझ्या गळ्यात आली. वरच्या कोर्टानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन दिला, पण जामीनदार स्वतःच्या नावावर घर असलेला हवा म्हणाले. मी पुढे झाले. कारकुनानं विचारलं, आजी, तुमच्या नावावर काय आहे? मी म्हटलं, हा नातू. तो हसला. मग मागून विहीणबाई आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घराचे कागद घेऊन, आणि वळणदार सही ठोकली. वर अट काय, तर जामीनदाराच्याच पत्त्यावर राहायचं, शहराची हद्द ओलांडायची नाही, दर सोमवारी चौकीत हजेरी. म्हणजे कोर्टानंच लिहून दिलं की नातू त्यांचा. या अंगठ्यानं मी जन्मभर सतरा कागद काळे केले, पण त्या एका कागदावर मला जागा नव्हती.

तुझे आईबाप गेले तेव्हा तू एवढासा होतास. याच टेबलाखाली, लोकांच्या गरम कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचास. दवाखान्याच्या चादरीवर एकदा मुतलास, आणि मी ती धुऊन, वाळवून, पुन्हा इस्त्री करून वेळेत पोचवली. तेव्हा कोणी पत्ता विचारला नव्हता. सुटीत बाईआजीकडे जायचास आणि येताना एक कविता पाठ करून यायचास. ती मला म्हणून दाखवलीस की माझ्या हातून हमखास एखादी कॉलर करपायची.

आता पुढचं विहीणबाईंनी जरा टेकून बसून लिहावं.

परवा तुझा तो रंगारी दोस्त आला होता. तुझा निरोप असा, की रविवारी पहाटे मी येतो, खाटेखालची माझी पिशवी भरून ठेव, मंगळवारच्या सुनावणीला मी जाणार नाही, लांब जातो, आणि बाईआजीला काही कळू देऊ नकोस. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गुपित मला सांगितलंस, त्यांना नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात मिरवले. पिशवीही भरली. मग तुझी चादर घडी करताना आठवलं, जामिनाच्या दिवशी कोर्टातल्या साहेबांनी विहीणबाईंना विचारलं होतं, हा पळाला तर तुमचं घर जाईल, ठाऊक आहे ना? त्या लगेच म्हणाल्या, ठाऊक आहे. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी असते तर आधी तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं.

पेन थांबलंय. पाणी दिलंय. आता पुन्हा लिहितायत.

लिफ्टचा दोर झिजलाय हे तू मालकाला आधीच लिहून दिलं होतंस म्हणतोस, आणि तो कागद कोणी दाबला म्हणतोस. माझा विश्वास आहे. तुला लिहायचा इतका कंटाळा, की लिहिलं म्हणतोस म्हणजे लिहिलंच असणार. पण तू पळालास की त्या कागदाला विचारणारा कोण उरला?

हे सगळं यांच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून पत्राचं निमित्त केलं. आत्ता विचारलं मी त्यांना. जामीनदाराला कधीही कोर्टात जाऊन अंग काढून घेता येतं, तसं केलंत तर हा आजच आत जाईल, मग काय करणार? म्हणाल्या, कोर्टात जाणार नाही, आणि दाराला कुलूपही लावणार नाही. त्यांच्या घराचा, सहीचा, तुझ्या गालांचा हेवा मी पचवला असता. हा नाही पचत. मी बाई कुलूप लावलं असतं.

हे पत्र टपालात पडणार नाही, जिनं लिहिलं तीच हातात देईल. पिशवीही तिच्याबरोबर पाठवतेय. आत परवा भरलेलं काही नाही. मंगळवारी घालायचा पांढरा शर्ट आहे, कडक इस्त्रीचा. विहीणबाईंना सगळं येतं, इस्त्री येत नाही. शर्टाला त्यांना हात लावू देऊ नकोस. तेवढं माझं राहू दे.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी