आधी गाडी, मग गडी

इतवारी, नागपूर
कार्तिक वद्य पंचमी, १९४६

प्रिय रुपराव,

घरातून तुला जाणाऱ्या पत्रांत ‘चिरंजीव’ असायचं, पण ती पत्रं तुझ्या दादांची. हे माझं, तुझ्या वहिनीचं आहे, आणि मला ‘प्रिय’ लिहायचं आहे. अक्षराला हसू नकोस. मी अक्षरं शिकले ती आपल्या लाखी लॉरीच्या मागच्या फळीवरची. पेंटरनं ‘नागपूर – सावनेर – खापा’ लिहिलं आणि माझ्या माहेराचं नाव मोटारीवर आलं म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं दाखवत सुटले होते. त्या बुवानं खाप्यातला पा जरा वाकडा काढला होता. माझाही तसाच येतो, आता या वयात काय सुधारणार!

गल्लीत संत्र्यांचा हंगाम चालू आहे. सकाळपासून पेट्यांना खिळे ठोकणं चाललेलं असतं, डोकं उठतं. समोरच्या ईश्वरदास शेठनं लढाईच्या लिलावातल्या हिरव्या लॉऱ्या घेतल्या. ओळीनं उभ्या राहिल्या की पावसाळ्यातले बेडूक बसल्यासारख्या दिसतात. आपल्या अड्ड्यात लाखीनंतर घेतलेली एकच लॉरी उरली, ती तुझे दादाच चालवतात. लढाई संपून वर्ष उलटलं, रुपराव. तू जबलपूरला आहेस, दुसऱ्याची लॉरी चालवतोस, धडधाकट आहेस, हे तुझ्यासोबत फौजेत असलेल्या बाबूलालनं सांगितलं. त्यानं आणखी एक सांगितलं ते मला टोचून राहिलं आहे. म्हणे तुझी लॉरी सिवनीपर्यंत येते, नागपूरचा माल तू तिथं दुसऱ्याच्या हवाली करतोस आणि माघारी फिरतोस. घराच्या इतक्या जवळ येऊन माघारी! काहून गा? खरं म्हणजे काहून ते मला कळतं. म्हणून तर आज दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

लाखी आली तो दिवस मला लग्नाच्या दिवसाहून स्वच्छ आठवतो. मामंजींनी बैलगाड्या विकून लॉरी घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळी इतवारी त्यांना हसली होती. ईश्वरदास शेठचा मुनीम ओट्यावर उभा राहून म्हणाला, “नत्थूजी, बैल कडबा खातो, हे जनावर तं तुमचं घर खाईन!” मामंजी म्हणाले, “तुमच्या घरी तं नाई मागाले येनार नं?” आणि लाकडी पेटारा बांधलेली, लाखेच्या रंगाची ती लॉरी तू गल्लीत आणलीस. आपल्या सगळ्यांत चांगल्या बैलाचं नाव लाख्या होतं, म्हणून ती लाखी. हमालांनी नारळ फोडला तो तिच्या बंपरवर आपटून, आणि तू असा कळवळलास, जसा काही तुझाच गुडघा फुटला. पुढं गल्ली म्हणायचीच, रुपरावचं लग्न लाखीशी लागलं. मी मुलगी पाहिली असं म्हटलं की तू पाना घेऊन गाडीखाली शिरायचास. खालून नुसते पाय दिसायचे, आणि मी त्या पायांशी भांडत बसायची.

लाखी जाताना सूत घेऊन जायची, येताना खाप्याच्या कोष्ट्यांची लुगडी घेऊन यायची. माझी आई असेपर्यंत प्रत्येक खेपेला लुगड्यांच्या गाठोड्यांमध्ये एक छोटं गाठोडं माझं असायचं. कधी जवसाची चटणी, कधी कन्हानच्या काठची वांगी, कधी नुसताच निरोप. “मैनाले सांग, गाय व्याली.” तू तो निरोप आईच्याच आवाजात सांगायचास, आणि मी चुलीपाशी बसून हसता हसता डोळे पुसायची. माहेराला न जाता माहेर भेटत होतं. आता मोटारी पुष्कळ झाल्या गा, पण त्या नुसता माल आणतात.

आपल्या घरातली पाणी घालायची रीत सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली. लांबची गाडी आली की आधी बैलांच्या पायांवर, मग चाकांवर, मग गाडीवानाच्या पायांवर पाणी. त्यानंतर ताट. आणि मामंजींचं ते वाक्य: आधी गाडी घरी, मग गडी घरी. वाटेत काहीही होवो, गाडी टाकून माणसानं घरी यायचं नाही. आला तर त्याच्या पायांवर पाणी पडायचं नाही. ही रीत किती कडक, ते मला सासरी यायच्या आधीच कळलं होतं. माझ्या लग्नाचं वऱ्हाड खाप्याला येत होतं आणि नवरदेवाच्या गाडीचा आस गावाबाहेर मोडला. वऱ्हाडी पायी आले, वाजंत्री आली, नवरदेव नाही. माझे बाबा मांडवात उभे, तोंड लाल. “नवरदेव कुठं हाय?” “गाडीपाशी.” “अन् मुहूर्त?” “तो तं गेला, पन गाडी कशी टाकाव?” बाशिंग बांधलेले तुझे दादा रस्त्याच्या कडेला बैलांना चारा घालत बसले होते. सुतार आला, आस बसला, मग वरात आली. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. बाबा नंतर कितीतरी वर्षं म्हणायचे, माझ्या जावयानं आधी गाडीला माळ घातली.

सासूबाई गेल्या तेव्हा तू पाळण्यात होतास. त्यांनी तुला माझ्या मांडीवर दिलं. मी स्वतःच तेव्हा एवढीशी. तुला बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायची. मला पुढं मूल झालं नाही त्याचं बायांना वाईट वाटायचं. मला वाईट वाटायला वेळ कुठं होता? गाडी आली की मी घागर घेऊन निघायची आणि तू माझा पदर धरून चाकांपर्यंत यायचास. पुढं मीच घागर घेऊन उभी राहायची आणि तू लाखीतून उतरायचास. पाणी पायांवर पडताना तू नेहमी म्हणायचास, “वयनी, थंड हाय वं!” ऊन असो, थंडी असो, तेच. मी म्हणायची, “मंग काय चहा ओतू?”

लढाईत पेट्रोल रेशनवर गेलं आणि लाखीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची ती टाकी बसली. काय सोंग ते! सकाळी तू टाकी पेटवायचास आणि सगळी गल्ली खोकायची. माझ्या शेगडीचे कोळसे गायब होऊ लागले. मी ओरडले तर म्हणालास, “तुह्या भाकरीपेक्षा तिची भूक मोठी हाय.” त्या दिवसांत आपण फार हसलो, नाही का? मग सरकारचा माणूस आला आणि लाखी फौजेच्या कामाला पाहिजे म्हणाला. त्यांना नुसती लॉरी हवी होती. ड्रायव्हर त्यांचे स्वतःचे होते. दादांनी मान खाली घातली, आणि तू जेवता जेवता उठून म्हणालास, “तिचा दुसरा गियर कसा टाकाव ते दुसऱ्या कोनाले जमते का? मीच जाऊन राहिलो.” तुला अडवायला पाहिजे होतं असं मला वाटत नाही. तू थांबला नसतास. मी दशम्या बांधल्या आणि चाकांना हळदकुंकू लावलं.

पुढचं बाबूलालनं सांगितलं. तो यंदा आखाडात परत आला, आणि आल्या आल्या ओट्यावर बसून मला सांगितलं. मणिपूरच्या वाटेवर एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मागे गाड्यांची रांग, आणि लाखीचा मागचा आस तुटला. साहेबाचा हुकूम झाला, गाडी दरीत ढकला, रस्ता मोकळा करा. तू हात जोडलेस, म्हणालास थोडा वेळ द्या, मी दुरुस्त करतो. तिथं कोण थांबणार? बाबूलाल म्हणाला, “मंग आम्हीच ढकलली, वयनी. रुपराव मधात होता. फळीवर दोन्ही हात टेकून ढकलत होता. गाडी गेली तरी त्याचे हात तसेच हवेत.” फौजेतून सुटका झाल्यावर सगळे नागपूरच्या आगगाडीत बसले आणि तू जबलपूरला उतरून गेलास.

म्हणजे तुझ्या डोक्यात मामंजींचं वाक्य बसलं आहे. गाडी घरी नाही, तर गडी कसा घरी? रुपराव, ते वाक्य तू ऐकलंस, मी त्या वाक्याच्या घरात जन्म काढला आहे. तुझ्या जन्माआधीचं एक सांगते. लाख्या बैल सावनेरच्या वाटेवर पान लागून, साप चावून, मेला. एका बैलानं गाडी ओढली जात नाही, म्हणून मामंजी ती एका ओळखीच्याच्या खळ्यात लावून पायी घरी आले आणि अंगणाबाहेरच उभे राहिले. आपणच केलेला नियम, आता आत कसं यावं? सासूबाई घागर घेऊन बाहेर गेल्या. म्हणाल्या, “टाकून देनं येगळं अन् हातातून जानं येगळं. पाय पुढं करा.” मामंजींनी पाय पुढं केले. पुरुष वाक्यं बोलतात गा, पण पाणी बायकांच्या हातात असतं.

आता तुझ्या दादांचं सांगते, हे त्यांना आवडणार नाही. दिवाळीच्या आधी जबलपूरचा माल आहे म्हणून ते स्वतः गाडी घेऊन गेले. मला माहीत होतं माल कसला ते. परत आले तेव्हा गाडी अड्ड्यात लावून आतच बसून राहिले. मी चाकांवर पाणी घातलं आणि त्यांच्या पायांकडे वळले तर त्यांनी घागरीवर हात ठेवला. “राहू दे.” ताटावर बसले, घास घेतला नाही. मग म्हणाले, “दिसला. अड्ड्याच्या पार टोकाले होता. बालटी घेऊन त्याच्या लॉरीच्या चाकांवर पानी टाकून राहिला होता. सारी चाकं झाली, मंग फळीवर बसला अन् उरलेलं आपल्याच पायांवर टाकलं.” मी विचारलं, मग हाक काहून नाही मारली? तर म्हणाले, “गळ्यातून निघाली नाई वं. मी तसाच फिरलो.” सारी इतवारी ज्यांच्या आवाजाला दचकते ते तुझे दादा, आणि भावाला एक हाक निघाली नाही. दोघंही एका मातीचे. एक सिवनीहून फिरतो, एक जबलपूरहून.

तर हे पत्र तुला बोलावायला लिहिलेलं नाही. बोलावून तू येणार नाहीस हे कळण्याइतकी मी तुला ओळखते. पुढच्या सोमवारी संत्र्यांच्या पेट्या घेऊन गाडी जबलपूरला निघते आहे आणि तिच्यात मी आहे. तुझ्या दादांना मी सांगितलं, विचारलं नाही. ते बराच वेळ टायर ठोकत बसले आणि मग सीटवर घोंगडी दुमडून ठेवली. शेजारणी म्हणतात, बाईमाणूस ट्रक ड्रायव्हरच्या बाजूला बसून घाटातून जाते का? जाते. या रस्त्यानं कामठीच्या पलीकडचं जग मी पाहिलेलं नाही, कुरईचा घाट काय असतो मला माहीत नाही, उलटी होईल म्हणून लिंबू घेतलं आहे. नर्मदा ओलांडली की गावाच्या तोंडाशी जकात नाका लागतो असं बाबूलाल म्हणतो. मी तिथं उतरणार. दादा माल उतरवायला पुढं जातील. त्या गावात मला एकही रस्ता ठाऊक नाही, म्हणून न्यायला तुलाच यावं लागेल. तू येईपर्यंत मी नाक्यावरच्या दगडावर बसून राहीन, मग सकाळ होवो की संध्याकाळ. आणि कोणी विचारलंच, बाई, कोणाची वाट पाहून राहिल्या, तर मी ‘दिराची’ म्हणणार नाही. आताच सांगून ठेवते.

तुझीच,
मैनाबाई