गोळी चालू असताना ग्रेपफ्रूटचा रस गिळण्यातून सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य गुणवत्ता अधिकारी साहेब,
फळरस कारखाना, दुसरा मजला.

विषय: रक्तातील चरबी कमी करणारी गोळी चालू असल्याने ग्रेपफ्रूटच्या रसाची चाखणी मजकडून काढून घेणेबाबत.

संदर्भ: १) चाखणी विभागाचा सातवा नियम, ‘घोट गिळावा, थुंकू नये’.
२) माझ्या जिभेबद्दल आपण गेल्या आठवड्यात दिलेले प्रशंसापत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी आपल्या कारखान्यात गेली बावीस वर्षे चाखणी-तपासनीस म्हणून कामास आहे. या काळात मी एकही अर्ज केलेला नाही. रजासुद्धा तोंडीच मागत आलो, कारण साहेबांना लिहायचे म्हटले की मी चार कागद फाडतो. आजचा हा पाचवा आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. माझे थोरले बंधू दोन महिन्यांपूर्वी जिना चढता चढता गेले. त्यानंतर वहिनींनी मला हाताला धरून तपासणीस नेले. माझ्या रक्तात चरबी नको तितकी निघाली व डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. मी काय काम करतो असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ‘कारखान्यात आहे’ एवढेच सांगितले. ते डॉक्टर आपल्याच कारखान्याच्या यादीवरचे आहेत. रोजचे औषध घेणाऱ्याला चाखणीवरून उतरवून खोकी बांधायला पाठवतात हे मला ठाऊक होते. ही माझी पहिली चूक होय.

२. पुढे ग्रेपफ्रूटचा हंगाम सुरू झाला व रोज चोवीस कप माझ्यापुढे येऊ लागले. आठवड्याने गोळ्यांची दुसरी पट्टी आणायला गेलो असता दुकानातील बाईंनी सहज विचारले की ग्रेपफ्रूट वगैरे खात नाही ना. खात नाही, पण कामावर रोज चोवीस कप पितो, असे मी सांगितले. या फळाने ही गोळी अंगात नेहमीसारखी जिरत नाही, रक्तात साचत जाते, स्नायू दुखतात आणि क्वचित ते विरघळू लागून लघवी काळपट होते व मूत्रपिंडावर येते, असे त्यांनी समजावले. पपनसही त्याच घरातले, तेही नको म्हणाल्या. सकाळी रस आणि रात्री गोळी असे चालेल का, हे मी विचारले. चालणार नाही म्हणाल्या, कारण रसाचा परिणाम दिवस उलटला तरी राहतो. मात्र सफरचंद, केळे, पेरू खुशाल खावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगावे, ते गोळी बदलूनही देतील, असे त्यांनी दोनदा बजावले. डॉक्टरांकडे मी गेलो नाही. गेलो असतो तर ‘हा तपासनीस रोजचे औषध घेतो’ असा कागद आपल्या मेजावर आला असता.

३. तेव्हापासून मी जीव मुठीत धरून जगत आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीशी नव्हे, ताटात येऊन बसला आहे. बाईंनी सांगूनही घरात एकही फळ येऊ देत नाही. पत्नीने परवा पेरू खाल्ला तर तिला साबणाने हात धुवायला लावले, त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रोज पहाटे मी पोटऱ्या दाबून पाहतो. दाबून दाबून त्या दुखू लागल्या, की त्या दुखतात म्हणून घाबरतो. कारखान्याची रसाचा रंग जुळवण्याची पट्टी मी तीन वेळा घरी नेऊन सकाळच्या लघवीशी ताडून पाहिली. रंग दर वेळी दुसऱ्या चौकोनाचा, म्हणजे निर्धोक आला. पट्टी स्वच्छ धुऊन जागेवर ठेवली आहे, तरी नवी मागवावी ही विनंती.

४. अन्य खुलासेही हवे आहेत. साल सोलण्याच्या यंत्राजवळून जाताना जे तुषार उडतात ते नियमाप्रमाणे घोट धरायचे काय? नुसत्या वासाने काही होते काय? ओठाला लागलेला थेंब पुसला, पण नंतर जीभ फिरली, तर तो गिळला असे समजावे काय? हे प्रश्न मी विभागप्रमुखांना विचारले असता, हंगाम संपेपर्यंत गोळीच बंद ठेवा, असा सल्ला मिळाला. तो ऐकून भावाचा जिना डोळ्यांपुढे आला. इकडे आड तिकडे विहीर अशी माझी गत झाली आहे.

५. आता जे लिहीत आहे ते वाचून आपण रागवाल. ग्रेपफ्रूटचा कडवटपणा घसा ओलांडल्यावर कळतो, म्हणून घोट गिळण्याचा नियम आहे. चाखणीच्या खोलीत मोरी नाही ती त्यासाठीच. कप रिकामा परत जावा आणि वहीत ‘गिळले’ या रकान्यात सही व्हावी. गेले एकोणीस कामाचे दिवस मी सही केली, पण गिळले नाही. कप गोळा करून धुणाऱ्या मावशींना मी सांगितले की माझ्या दाताला ठणका आहे, तेवढे तुम्ही पिऊन टाका, चांगला रस आहे, वाया कशाला. त्या भल्या बाई. त्यांनी उभ्या उभ्या चोवीस कप प्यावेत, ‘हा बरा’, ‘हा मागून कडू येतोय’ असे सांगावे आणि मी ते वहीत लिहावे, असा परिपाठ पडला. रसाच्या एकाही घाण्याबद्दल तक्रार आली नाही. प्रशंसापत्र ज्या जिभेला मिळाले ती मावशींची आहे.

तरी मला ग्रेपफ्रूटच्या चाखणीतून मुक्त करून संत्र्याच्या किंवा अननसाच्या

महोदय, वाक्य अर्धे राहिले आहे. स्वच्छ प्रत काढायला वेळ नाही, म्हणून याच कागदावर पुढे लिहितो.

मावशी आज कामावर नाहीत. अंग मोडून आले असेल असे आम्ही धरून चाललो होतो. आत्ता त्यांची मुलगी रजेचा कागद घेऊन फाटकावर आली होती. मावशी कालपासून दवाखान्यात आहेत. पाय उचलत नाहीत, खुर्चीतून उठता येत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते. रोजची औषधे कोणती, हे दाखवायला मुलीने पिशवीत गोळ्यांची पट्टी आणली होती. मी ती हातात घेऊन पाहिली. माझ्या खिशात जी पट्टी आहे तीच ती गोळी, आणि माझ्या दुप्पट ताकदीची. गेली चार वर्षे त्या ती घेतात. कप धुणाऱ्यांना औषधाबद्दल कारखान्यात कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही. मला माझ्या पोटऱ्यांची काळजी होती.

मुलगी म्हणाली, “डॉक्टर सारखं विचारतायत, काही वेगळं खाल्लं-प्यायलंय का. आई नाहीच म्हणते. तुम्ही तिच्याजवळ बसता ना काका, तुम्हाला काही माहीत आहे का?”

मावशी का नाही म्हणतात हे मला माहीत आहे. त्या माल पीत होत्या हे कळले तर त्यांची नोकरी जाईल आणि माझीही जाईल. पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडून कोणाला न सांगण्याचा शब्द घेतला होता. तो शब्द त्या खाटेवर पडूनही पाळत आहेत.

मी मुलीला तिथल्या तिथे सगळे सांगायला हवे होते. त्याऐवजी मी ‘बघतो’ म्हणालो आणि आत येऊन हा कागद पुढे ओढला. त्याला आता दहा मिनिटे झाली. दवाखान्याचा फोन सारखा गुंतलेला लागतो आहे. ती मुलगी अजून बसथांब्यावर उभी आहे, खिडकीतून दिसते.

सबब वरील पाचही मुद्द्यांतील माझी विनंती मी मागे घेत आहे. मला सूट नको. मला खोक्यांवर पाठवा, घरी पाठवा, पोलिसांत द्या. माझी एकच मागणी उरली आहे. मावशींनी जे प्यायले ते माझ्या सांगण्यावरून, नियमाप्रमाणे मी प्यायला हवे होते म्हणून प्यायले, त्यात त्यांचा काडीचा दोष नाही, असे कारखान्याने लेखी द्यावे. म्हणजे त्या स्वतःहून डॉक्टरांना खरे सांगू शकतील.

पाळी चालू असताना तपासनीसाने फाटकाबाहेर जाण्यास व चाखणीची वही बाहेर नेण्यास आपली सही लागते. आपण बैठकीत आहात असे शिपाई म्हणतात. बैठक किती वेळ चालेल ते त्यांना माहीत नाही.

मला फार भीती वाटते आहे, साहेब. आजवर माझी वाटत होती, ती ही नव्हे. मी सहीसाठी थांबत नाही. बस यायच्या आत त्या मुलीला गाठतो आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जातो.

आपला,
आज्ञाभंग करून निघालेला,
चाखणी-तपासनीस, पहिली पाळी

सोमवार, सकाळी पावणेबारा.

सोबत: माझ्या गोळीच्या चिठ्ठीची प्रत. चाखणीची वही जोडलेली नाही. मावशींनी कोणत्या दिवशी किती प्यायले ते डॉक्टरांना तिच्यातूनच कळेल, म्हणून ती मी नेली आहे.