मामांना परत आत पाठवलं

सोम. ३ फेब्रु.
शेड दोनमधले चौघे आज आत गेलेच नाहीत. गेटजवळच्या बाकावर बसून राहिले. म्हणतात, केमिकलचा रिअॅक्टर तापला की झाकणाशी सूंऽ आवाज येतो, डोळे चुरचुरतात. प्रोडक्शनच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "वैशाली, मेमो दिला की युनियनपर्यंत जाईल. तू बोल. तुझं ऐकतात."
ऐकतात, खरंय. पर्सोनेलमध्ये अकरा वर्षं हेच तर केलं.
विचारलं, "सर, चेक झालंय ना?" "झालंय गं." फाइल दाखवली नाही. मीही मागितली नाही.

मंगळ. ४
चौघांशी बोलत बसायचं नाही, एकालाच धरायचं. भास्करमामांना. ते गेले की बाकीचे तिघे मागोमाग. मामा बाबांचे दोस्त, मोहने गावच्या जुन्या कारखान्यात एका पाळीला होते दोघं. मला कडेवर घेऊन फिरवलेलं त्यांनी.
कँटीनमध्ये जयभीम घातला, चहा घेऊन समोर बसले. आधी त्यांचंच बरोबर म्हटलं. आवाज येतो तर भीती वाटणारच. मग मामींचे गुडघे. मग, "बाबा असते तर काय म्हणाले असते, मामा?" आणि शेवटी, "उद्या सकाळपाळीला येता की दुपारच्या?" यायचं की नाही, हा प्रश्न ठेवलाच नाही.
मामा ग्लासाकडे बघत होते. "चेक झालंय म्हणतेस. तू बघितलंस?"
"हो."
कसं निघालं तोंडातून, माहीत नाही.

बुध. ५
चौघेही आत. सर खूश. "कसं जमतं गं तुला?" हसले मी.
संध्याकाळी सई म्हणाली, कराटेचा क्लास सोडायचाय. मी लगेच, "बरं, सोमवारचा ठेवतेस की शनिवारचा?" "आई, माझ्यावर ऑफिसवाला आवाज काढू नकोस ना."

गुरु. ६
मेंटेनन्सच्या पाटलांना जिन्यात गाठलं. सहज विचारतेय असं दाखवलं. ते म्हणाले, आतलं प्रेशर जास्त झालं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायला हवा. शेड दोनच्या त्या व्हॉल्व्हची टेस्टिंग झालेलीच नाही. मंगळवारी माल जायचाय, तोवर थांबा म्हणून वरून सांगितलंय. "लेखी काही नाही हां. माझं नाव घेऊ नका, मॅडम."
माझ्या टेबलापासून शेड दोन म्हणजे मधे एक भिंत आणि शेवग्याचं झाड. दिवसभर कान तिकडेच. कुणीतरी पिंप आपटलं तर खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, काय गं, पाल पडली का?

शुक्र. ७
एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी. शेड दोन मात्र चालू. ताईकडे माजिवड्याला गेलेले. फोन वाजला की आधी नंबर बघत होते. सगळं सांगितलं तिला. "नोकरी सोड." सोडीन गं. पण मामा तर आतच राहतील.
फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला अर्ज लिहिलाय. तीनदा वाचला. पर्समध्ये आहे.

शनि. ८
सरांकडे गेले. काय काय बोलले! त्यांचं नाव, त्यांची मुलं, काही झालं तर आधी कुणाला विचारतील... माझी सगळी हत्यारं वापरून झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुझी काळजी कळते मला. मंगळवारनंतर बंद करू. एक सांग, त्या चौघांना आत कुणी पाठवलं?" गोड आवाजात. मी बोलते ना, अगदी तसंच.
अर्ज पोस्टात टाकला. सोमवारच्या आधी कोण उघडणार तो?

रवि. ९, सकाळ
पाळी सुरू व्हायच्या आधी मामांना गेटवर अडवलं. "मामा, आत जाऊ नका. मी काही बघितलेलं नाही. खोटं बोलले. टेस्टिंग झालेलीच नाही."
चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. म्हणाले, "वैशू, तुझ्या बापाचं नाव कशाला घेतलंस?"
मामा शेडकडे वळले, मग थांबले.
"बाकीचे तिघे लवकर आलेत, आत आहेत. त्यांना सांग. माझ्यासमोर."
गेले. शेडच्या दारात उभी राहून सांगितलं. त्यातला संतोष म्हणाला, "मॅडम, मंगळवारी खोटं बोललात का आज? आम्हाला कसं कळायचं?" तिघेही मामांकडे बघायला लागले. मामा एवढंच म्हणाले, "बाहेर व्हा."

त्याच दिवशी, ८ वाजून गेलेत
बाकावर तिघे आणि मी. मामा आत.
रात्रपाळीची बॅच तापलेली आहे, अशीच टाकून येता येत नाही म्हणे. हळूहळू थंड करत आणायची. एक माणूस पुरतो. मी हात धरला त्यांचा. पाटलांना बोलावू, दुसऱ्या शेडचा कुणी... काय वाट्टेल ते बोलले. "वैशू, आता मला समजवू नकोस," म्हणाले आणि हात सोडवून घेतला.
दीड तास लागेल म्हणाले.
सरांचे चार फोन येऊन गेले. उचलले नाहीत. संतोष दर दोन मिनिटांनी उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. मामी घरी असतील, त्यांना काहीच माहीत नाही.
इथून नुसतं दार दिसतंय. आवाज येतोय, तो झाकणाचा की पंपाचा, कळत नाही. संतोषला विचारलं. म्हणाला, मलाही कळत नाही.
चाळीस मिनिटं झाली.